धुऱ्यावरून दिसणारं आभाळ

भिलाईहून उतईच्या रस्त्याला लागलं की वस्ती मागे पडते आणि खार सुरू होतो. गावाबाहेरच्या शेतशिवाराला छत्तीसगढीत खार म्हणतात. नजर पोचेल तिथवर धानाच्या बांध्या, त्यांचे धुरे, धुऱ्यांवर ताठ उभ्या बाभळी. बाकी सगळं आभाळ. माझे वडील वर्ध्याहून इथं पोलाद कारखान्यात नोकरीला आले, मी वाढले सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये. नागपूरचे पाहुणे आले की हमखास विचारतात, ‘‘इथं फोटो काढण्यासारखं आहे तरी काय?’’

सपाट मुलखात फोटोत दोनच पात्रं असतात, भुई आणि आभाळ. कुणाला किती जागा द्यायची, हे ठरवण्यातच सगळा फोटो असतो.

चौकटीचे आडवे तीन भाग करा आणि क्षितिज मधोमध न ठेवता वरच्या किंवा खालच्या रेषेवर ठेवा, असं सगळे शिकवतात. इंग्रज चित्रकार जॉन थॉमस स्मिथ यानं १७९७ साली एक तृतीयांशाचा हा नियम लिहून ठेवला. आज तुमच्या मोबाइलच्या पडद्यावर त्याच रेषा उमटतात. पण वरची रेष घ्यायची की खालची, ते नियम सांगत नाही. त्या दिवशी ज्याच्याकडे दाखवण्यासारखं जास्त, त्याला मी जास्त जागा देते. मे महिन्यात आभाळ धुळीनं पांढुरकं झालेलं असतं आणि कन्हार, म्हणजे आपली काळी माती, भेगाळलेली असते. तेव्हा आभाळाची एक चिंधी पुरते. जूनच्या मध्यावर पहिले ढग चढले की जमीन चौकटीच्या तळाशी बोटभर ठेवते. तेवढ्यानंच ढग केवढा आहे ते कळतं.

जमिनीला जास्त जागा द्यायची म्हणून नुसता कॅमेरा खाली झुकवला तर भागत नाही. सपाट जागी क्षितिज नेहमी तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर असतं. धुऱ्यावर बसा, समोरच्या सगळ्या बांध्या एकमेकींत मिटून एक हिरवी रेघ होते आणि हातभर अंतरावरचं तुरीचं रोप थेट ढगात शिरतं. तिथून उठून कालव्याच्या पाळीवर चढा. पुरुषभर उंची मिळाली तरी त्याच बांध्या उलगडतात, धुऱ्यांची जाळी दिसू लागते, प्रत्येक तुकड्याचा हिरवा वेगळा. म्हणून आभाळाचा फोटो मी बसून काढते आणि जमिनीचा उंचावरून.

एकाच वेळी मी नियम मोडते. श्रावणात बांध्या पाण्यानं भरलेल्या असतात आणि वारा पडला की ढग खाली उतरून शेतात झोपतात. तेव्हा क्षितिज बरोब्बर मध्ये. वरचं आभाळ उजळ, पाण्यातलं थोडं गडद, आणि पाण्यातल्या आभाळाला टोचून वर आलेली धानाची पाती. त्यासाठी दिवस मात्र नेमका गाठावा लागतो. इथं उभ्या पिकातून हलका नांगर फिरवतात, त्याला बियासी म्हणतात. ती झाली की पाणी गढूळ होतं आणि गाळ बसेपर्यंत आरसा मिळत नाही.

उजेडाचं गणितही समजून घ्यायला हवं. ढगाळ आभाळ आणि ओली काळी जमीन यांच्या उजेडात आठपट फरक सहज असतो. जमीन नीट आली तर आभाळ पांढरं पडतं. जुन्या काचेच्या प्लेटा निळ्या रंगाला फार लवकर भाळत, त्यामुळे हा त्रास तेव्हा आणखी होता. फ्रान्सच्या गुस्ताव ल ग्रे यानं १८५६-५७च्या सुमारास समुद्राची एक आणि आभाळाची दुसरी अशा दोन निगेटिव्ह जोडून काही प्रिंट काढल्या. माझ्या रिळाच्या दिवसांत एका लॅबनं माझं आषाढातलं अख्खं आभाळ प्रिंटवर कोरं करून दिलं होतं. निगेटिव्हमध्ये ढग होते, मी उजेडासमोर धरून पाहिले होते. मोबाइलवाल्यांनी पडद्यावर ढगाला बोट लावावं आणि उजेड थोडा खाली ओढावा. काळवंडलेली जमीन नंतर बरीचशी उजळता येते, कोरं झालेलं आभाळ परत येत नाही.

आमच्या क्षितिजावर आणखी एक गोष्ट असते. उतईकडून उत्तरेला पाहिलं की कारखान्याच्या चिमण्या दिसतात. पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी झालं, तेव्हापासून इथलं आभाळ कोरं नाही. हौशी मंडळी चिमण्या टाळतात किंवा पुसून टाकतात. मला ते पटत नाही. बाभळीसारख्याच त्याही भुईला आभाळाशी जोडतात, आणि याच खारातली कितीतरी माणसं सायकलवरून तिथं पाळीला गेली आहेत. संध्याकाळी ऊन डावीकडून येतं, चिमण्यांची एक कड तांबूस होते. त्या वेळी मी क्षितिज खाली ठेवते आणि धुराला वर पसरायला जागा सोडते.

श्रावणात इकडे आलात तर सकाळी सहाच्या आत उतईच्या रस्त्याला लागा. साडेसातनंतर वारा सुटतो.