बंद वाघीण : वऱ्हाडच्या व्यापारी कागदांतील एक फिरतें माप

कापसाच्या पेढीचें एखादें जुनें दफ्तर संशोधकाच्या हातीं यावें, त्यांत 'दहा वाघिणी रुई रवाना' अशी नोंद मिळावी, आणि त्यावरून त्यानें त्या सालच्या व्यापाराचा अदमास बांधावा, हें स्वाभाविक आहे. परंतु दहा वाघिणी म्हणजे माल किती? खंडी व मण हीं मापें प्रांतोप्रांतीं निराळीं होतीं, हें आपण जाणतों. वाघीण हेंही तसेंच फिरतें माप होय, हें मात्र सहसा ध्यानांत येत नाहीं. म्हणून बंद वाघिणीच्या रचनेचा विचार येथें आम्ही योजिला आहे.

प्रथम शब्दाविषयीं. 'वाघीण' हें 'वॅगन' या इंग्रजी शब्दाचें लोकांच्या तोंडीं झालेलें रूप आहे. व्याघ्राशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं.

वाशिम जिल्ह्यांतील कारंजें तेथील जैन ग्रंथभांडारांमुळें आमच्या वाचकांस परिचित आहेच. त्याच कारंज्यावरून किलिक निक्सन कंपनीनें उभारलेला मूर्तिजापूर-यवतमाळ हा रेल्वेमार्ग गेला. लोक त्यास 'शकुंतला' म्हणतात. त्याच्या दोन रुळांतील अंतर २ फूट ६ इंच. मूर्तिजापुरास मिळणाऱ्या मुंबई-नागपूर मार्गाचें ५ फूट ६ इंच. एका मार्गाची वाघीण दुसऱ्यावर चालणें अशक्य, म्हणून मूर्तिजापुरास माल उतरून पुन्हां भरणें प्राप्त होतें. अर्थात् कारंज्याच्या नोंदींतील वाघीण व मूर्तिजापुराहून मुंबईस गेलेली वाघीण या एक नव्हेत.

आतां रचना पाहूं. खालीं पोलादी सांगाडा, त्यास आंस व चाकें. वर पत्र्याची पेटी. छप्पर कमानदार, म्हणजे पावसाचें पाणी दोहों बाजूंस वाहून जातें. दारें दोन्ही अंगांस, कारण धक्का कोणत्या बाजूस येईल याचा नेम नसतो. कापसास पाऊस, चोर व इंजिनांतून उडणाऱ्या ठिणग्या या तिहींचें भय. म्हणून त्यास बंद वाघीण हितकर. 'शकुंतले'वर मँचेस्टर येथें १९२१ सालीं बांधलेलें वाफेचें इंजिन १९२३ पासून १५ एप्रिल १९९४ पर्यंत चाललें, हें लक्षांत घेतां तिसरें भय लहान नव्हे.

वाघिणींत किती वजन घालावें हें प्रत्येक आंसावर किती भार चालतो यावर ठरतें. दोन आंसांची वाघीण फार लांब केल्यास ती वळणावर अडते. दोन फिरत्या गाड्यांवर पेटी ठेविली म्हणजे आंस चार होतात, लांबी वाढते व भारही वाढतो. परंतु कापूस हलका व फुगीर असल्यानें वजनाची मर्यादा येण्यापूर्वींच जागा भरते. मोकळी रुई व प्रेसमध्यें दाबलेली गांठ यांनीं एकच वाघीण भरली, तरी माल सारखा होत नाहीं. मुंबईची खंडी ७८४ पौंडांची व गांठ ३९२ पौंडांची, म्हणजे दोन गांठींची एक खंडी; हा हिशेब हातीं असल्यास गांठींच्या संख्येवरून वजन निघतें, वाघिणींच्या संख्येवरून निघत नाहीं.

अलीकडील रुंद मार्गावरील वाघिणींवर 'बीसीएन' अशीं अक्षरें आढळतात. पाणिनीच्या अनुबंधांप्रमाणें त्यांतील प्रत्येक अक्षर सार्थ आहे : पहिलें फिरत्या गाड्यांचें, दुसरें बंद पेटीचें, तिसरें हवेच्या ब्रेकचें. अशा वाघिणींत सुमारें ५५ टन माल जातो. शेजारच्या अकरा अंकांत पांचवा व सहावा अंक बांधणीचें साल सांगतात. पोथीच्या पुष्पिकेंतील शकाइतकेच ते उपयोगी आहेत.

तात्पर्य, वाघिणींची नोंद उतरून घेतांना स्थानक, मार्गाची रुंदी, आंसांची संख्या व माल मोकळा कीं दाबलेला, हीं चार अंगें शेजारीं लिहावींत. तीं न मिळाल्यास नोंद जशीच्या तशी छापावी, तिचे टन करूं नयेत. पेढ्यांचीं दफ्तरें रद्दींत जात आहेत. जीं उरलीं आहेत त्यांच्यावर आपल्याच गणिताचा चुकीचा शिक्का बसूं नये, एवढीच आमची विनंति आहे.