अम्मींचे दात आणि ती गुरगुरणारी नळी

आमच्या अम्मींच्या दातांवर कीटण चढून कितीतरी वर्षे झाली होती. ब्रश करताना हिरड्यांतून रक्त यायचे. त्यात मधुमेह. हिरड्या सुजलेल्या राहिल्या की साखर आटोक्यात ठेवणे कठीण जाते आणि साखर वाढली की हिरड्या आणखी बिघडतात, हे डॉक्टरांनी समजावून सांगितले होते. तरी अम्मी तयार होत नव्हत्या. ‘‘नरड्यात पाणी जातं, जीव घुसमटतो,’’ एवढेच म्हणायच्या.

भीती खोटी नव्हती. काही वर्षांपूर्वी एका दवाखान्यात त्यांना खुर्चीवर अगदी सपाट झोपवून स्केलिंग सुरू केले होते. पाणी ओढणारी नळी तोंडात होती, पण तिला ओढच नव्हती. घशाशी पाणी साचले, जोराचा ठसका लागला आणि अम्मी काम अर्धवट टाकून उठून आल्या. त्या दिवसापासून दातांच्या डॉक्टरचे नाव काढायची सोय नव्हती.

दात साफ करायला इतके पाणी लागते तरी कशाला? स्केलिंगच्या यंत्राचे टोक एका सेकंदाला साधारण पंचवीस ते तीस हजार वेळा थरथरते. त्या थरथरीने कीटण सुटते, पण टोक तापतेही. पाणी नसेल तर दाताला चटका बसेल. म्हणून पाण्याची धार सतत सुरू ठेवावी लागते. या पाण्यात लाळ, रक्त आणि तोंडातले जंतू मिसळतात. काही पाणी जिभेमागे साचते, काही उडते आणि काहीचे इतके बारीक तुषार होतात की ते डोळ्यांना दिसतही नाहीत. 50 मायक्रॉनपेक्षा लहान, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीहूनही बारीक असे हे कण खाली न पडता हवेतच तरंगत राहतात, कधी अर्धा तास, कधी त्याहून जास्त.

म्हणजे कामे दोन झाली, आणि त्यांना नळ्याही दोन लागतात. ओठाच्या कोपऱ्यात अडकवलेली, हवी तशी वाकणारी, गुरगुर करणारी बारीक नळी आपल्या ओळखीची असते. ती साचलेली लाळ आणि पाणी ओढते. उडणारे तुषार ओढायचे बळ तिच्यात नसते. त्यासाठी जाड नळी हवी, जिचे तोंड 8 मिलिमीटर किंवा त्याहून मोठे असते आणि जी पाण्याबरोबर भरपूर हवाही खेचून घेते. स्वयंपाकघरातले उदाहरण घ्या. ओट्यावर सांडलेले पाणी फडक्याने पुसता येते, पण फोडणीचा धूर फडक्याने जात नाही, त्याला एक्झॉस्ट फॅनच लागतो. ही जाड नळी यंत्राच्या टोकाजवळ नीट धरली तर हवेत पसरणारे तुषार 90 टक्क्यांहून जास्त कमी होतात, असे अमेरिकेतल्या दंतवैद्यांनी लिहून ठेवले आहे.

पण ती धरणार कोण? डॉक्टरांच्या एका हातात आरसा, दुसऱ्या हातात यंत्र. तिसरा हात मदतनिसाचा. लहान दवाखान्यात मदतनीसच पावत्या करतो, फोन घेतो आणि आत-बाहेर पळत असतो. मग बारीक नळीवरच भागवले जाते. कोरोनात या तुषारांची सगळ्यांनाच धास्ती बसली. ऑगस्ट 2020 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तातडीची नसलेली दातांची कामे पुढे ढकलण्याचा सल्ला दिला होता. त्यानंतर काही दवाखान्यांत रुग्णाच्या तोंडासमोर उभे करायचे, मोठ्या सोंडेसारखे सक्शन यंत्रही दिसू लागले.

एक गोष्ट आम्हालाही माहीत नव्हती. बारीक नळीवर ओठ मिटून सरबताच्या स्ट्रॉसारखे चोखू नये. ओठ घट्ट मिटले की तोंडातला दाब नळीतल्या दाबापेक्षा कमी होऊ शकतो आणि नळीतले पाणी उलटे तोंडात येऊ शकते. टोक प्रत्येकासाठी नवे असले, तरी मागची लांब नळी तीच असते, तिच्यात आधीच्या माणसाची लाळ राहिलेली असू शकते. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने 2003 सालच्या दंतवैद्यकीय मार्गदर्शनात ही सूचना दिली आहे. म्हणून तोंड थोडे उघडेच ठेवावे. टोक नवे लावले का, हे विचारायला लाजू नये. आम्ही विचारले, डॉक्टर रागावले नाहीत.

या वेळी आम्ही आधीच जाऊन बोलून आलो. तारीख रमजानच्या आधीची घेतली, कारण नळी कितीही चांगली असली तरी एकही थेंब घशाखाली जाणार नाही याची खात्री कोणी देत नाही. डॉक्टरांनी अम्मींना अर्धवट बसते ठेवले, नाकाने श्वास घ्यायला सांगितले आणि म्हणाले, ‘‘अम्मी, त्रास वाटला की डावा हात वर करा, मी लगेच थांबेन.’’ मदतनीस मुलगी जाड नळी धरून शेवटपर्यंत उभी होती.

अम्मींनी पहिल्या दहा मिनिटांत चारदा हात वर केला. चौथ्या वेळी तर त्रास नव्हताच, डॉक्टर खरंच थांबतात का ते त्यांना बघायचे होते. खालचे दात त्या दिवशी झाले. वरच्या दातांची तारीख त्यांनी स्वतःच मागून घेतली.