दीड हजाराची तारीख आणि आमची उधारीची वही

गडचिरोलीच्या जंगलपट्टीत कापड विकता विकता आम्हाला तीस वर्षे होत आली. या भागात आमच्या धंद्याचे वर्ष दिवाळीला सुरू होत नाही आणि ईदलाही नाही. ते तेंदूपत्त्याला सुरू होते. मे महिन्यात पाने तुटतात, पुडे मोजले जातात, पाऊस लागण्याच्या सुमारास मजुरीचा हिशेब होतो आणि तेव्हा आमची वर्षाची उधारी वसूल होते. त्याआधी मार्च-एप्रिलात मोहफुले, दिवाळीनंतर थोडे धान. एवढ्या तीन वेळांना गिऱ्हाइकाच्या हातात पैसा. बाकीचे महिने वहीत.

ही वही गेल्या दीड-दोन वर्षांत पातळ होत चालली आहे. का, ते सांगण्यासाठी हा लेख.

आमचा फिरता धंदा आलापल्लीहून एटापल्ली आणि तेथून पुढे हेडरी, सूरजागडच्या बाजूने चालतो. सूरजागडचे नाव आता सर्वांना लोहखनिजामुळे माहीत आहे. डिसेंबर २०१६ मध्ये नक्षलवाद्यांनी तेथे सत्तरहून अधिक वाहने जाळली, तेव्हा ते वर्तमानपत्रांत आले. २०२१ पासून उत्खनन नियमित सुरू झाले आणि रस्त्यावर ट्रकांची रांग लागली. माडिया लोकांसाठी मात्र हा डोंगर ठाकूरदेवाचा आहे. जानेवारीत तेथे यात्रा भरते आणि दूरदूरच्या पाड्यांवरून लोक पायी येतात. खाणीमुळे काही तरुणांना पगार मिळू लागला, हॉटेले निघाली, मोबाइलची दुकाने निघाली. पण खाणीचा पैसा ज्याला काम मिळाले त्याच्या खिशात जातो. पाड्यावर राहणाऱ्या, पोरे सांभाळणाऱ्या, पाने तोडणाऱ्या बाईच्या हातात तो क्वचितच येतो. तिच्यासाठी दुसरा पैसा आला.

जून २०२४ च्या अर्थसंकल्पात महाराष्ट्र शासनाने ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना जाहीर केली. वय २१ ते ६५, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत, महिन्याला १,५०० रुपये, थेट बाईच्या आधार जोडलेल्या खात्यात. ऑगस्टमध्ये जुलै आणि ऑगस्टचे मिळून ३,००० पडले. विधानसभेची निवडणूक होती, म्हणून नोव्हेंबरचा हप्तासुद्धा आगाऊ आला. राज्यभरात दोन कोटींहून अधिक बायकांना पैसे मिळाले. हे मतांसाठी केले काय, तिजोरीला झेपेल काय, हे वाद राजकारणी लोकांनी घालावेत. गोव्यात गृहआधार २०१२ पासून आहे, बंगालमध्ये २०२१ ला आणि मध्य प्रदेशात २०२३ ला अशीच योजना आली. म्हणजे ही हवा एका पक्षाची नाही. आम्ही व्यापारी आहोत. आमचा सवाल एवढाच, की या पैशाने गिऱ्हाइकाचे काय झाले?

त्या दिवाळीच्या आधी बाजारात आमच्या पालासमोर सूरजागडकडची एक जुनी गिऱ्हाईक बाई उभी राहिली. दहा-बारा वर्षे तिचे नाव आमच्या वहीत होते. एक लुगडे, पोराची चड्डी-बनियन, एक टॉवेल; माल नेहमीचाच. आम्ही सवयीने वही उघडली. ती म्हणाली, “लिहू नको शेठ. नगदीचा भाव सांग.”

आम्ही गप्प झालो. कारण नगदीचा भाव आम्ही तिला कधी सांगितलाच नव्हता.

आता येथे आमच्या व्यापारी बांधवांना खुला हिशेब देणे भाग आहे. समजा साडी नगदीत ३५० ची. तीच जानेवारीत उधार दिली तर आम्ही ४२० लिहीत होतो आणि पैसे जूनमध्ये घेत होतो. सत्तर रुपये म्हणजे काही फार नाही, असे वाटते. पण ३५० वर ७० म्हणजे पाच महिन्यांत शेकडा वीस, वर्षाचे शेकडा अठ्ठेचाळीस. एखाद्या बँकेने आम्हाला या दराने कर्ज दिले असते तर आम्ही मोर्चा काढला असता. नगदीला एक आणि उधारीला एक, असे दोन भाव सांगून त्यांतला एक पक्का ठरवून सौदा करणे जायज आहे, हे आम्हालाही ठाऊक आहे. पण आम्ही दोन सांगत नव्हतो, एकच सांगत होतो. दुसरा भाव विचारण्याची तिची ऐपत नव्हती. आम्ही काही मुद्दाम फसवत नव्हतो. चार खाती बुडतात, त्यांचा तोटा बाकीच्यांवर टाकावा लागतो, असे आमचे आमच्यापुरते समर्थन होते. या जंगलात पूर्वी मीठ देऊन चारोळी नेणारे व्यापारी होते. आम्ही त्यांना नावे ठेवत असू.

पंधराशे रुपयांत आजच्या महागाईत काय होते, असे विचारणारे पुष्कळ आहेत. वर्षाचे १८,००० होतात. तेंदूपत्त्याचा एखादा चांगला हंगाम मजुरी आणि ग्रामसभेची रॉयल्टी धरून हिशेब केला, तर बरेच देऊन जातो. मग फरक कोठे पडला? आमच्या पाहण्यात फरक रकमेने पडला नाही, तो तारखेने पडला. तेंदूपत्त्याचे पैसे एका रेट्यात येतात आणि आधीच वाटले गेलेले असतात: इतके किराण्याचे, इतके कापडाचे, इतके लग्नात घेतलेल्याचे. ठेकेदाराने हिशेब लांबवला की पावसाळाभर पुन्हा उधारी. महिन्याला येणाऱ्या पैशावर मात्र जुन्या देण्याचा शिक्का नसतो. पोराला ताप आला तर एटापल्लीला जायला जीपभाडे आहे. तेल पावशेर नव्हे, किलोभर घेता येते. किलोचा भाव नेहमी स्वस्तच पडतो. गरिबाला प्रत्येक वस्तू महाग पडते, कारण तो थोडी थोडी आणि उधार घेतो.

त्या बाईने पुढच्या उन्हाळ्यात आमच्याकडून काहीच घेतले नाही. आम्हाला वाटले, दुसऱ्या पालावर गेली. मग कळले की तिने दोन शेळ्या घेतल्या. नवरा म्हणे बैलजोडीच्या उसनवारीत पैसे घाला म्हणत होता. पैसे तिच्या खात्यात असल्याने बोलणे झाले, भांडण झाले आणि शेवटी शेळ्या आल्या. आधी भांडायलाही काही नव्हते.

आमच्या बाजारपेठेत दोन तक्रारी ऐकू येतात. पहिली, की हा पैसा दारूत जातो. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे आणि मोहाची दारू तरीही गाळली जाते, हे कोणी नाकारत नाही. पण पैसा बाईच्या हातात आहे, हे विसरू नये. मध्य प्रदेशात २०११-१२ मध्ये ‘सेवा’ या बायकांच्या संघटनेने युनिसेफच्या मदतीने इंदूरच्या बाजूच्या काही खेड्यांत असाच प्रयोग केला होता. मोठ्या माणसाला महिना २०० आणि मुलाला १००, पुढे ३०० आणि १५०. कसली अट नाही. एक आदिवासी खेडेही त्यात होते. दारूवरचा खर्च वाढला नाही. खाणे सुधारले, शाळेवर आणि औषधावर खर्च झाला, लहान जनावरे घेतली गेली. आणि आदिवासी खेड्यातले लोक दुसऱ्याच्या शेतावरची मजुरी कमी करून स्वतःच्या शेतात जास्त राबले.

दुसरी तक्रार याच्याशीच जोडलेली आहे: ‘फुकट पैसे मिळतात म्हणून मजूर मिळत नाही.’ आमच्या गोदामातही हमाली करायला पूर्वीसारखी माणसे पहिल्या हाकेला येत नाहीत, हे खरे. पण ती बसून आहेत काय? आपल्या धानाच्या बांधावर आहेत. ती पूर्वी आमच्याकडे येत होती ती आमच्या दराला राजी होती म्हणून नव्हे, त्या दिवशी घरात काही नव्हते म्हणून.

दूरची एक गोष्टही आमच्या धंद्याला लागू पडते. आफ्रिकेत केनिया देशात ‘गिव्ह डायरेक्टली’ नावाच्या संस्थेने काही गावांना दोन वर्षे, काहींना बारा वर्षे दरमहा पैसे देण्याचे आणि काहींना एकदम मोठी रक्कम देण्याचे ठरवले. नोबेल मिळवणारे अभिजित बॅनर्जी आणि त्यांच्या सोबत्यांनी त्याचा अभ्यास केला. २०२३ मध्ये जे निष्कर्ष आले त्यात लोक आळशी झाल्याचे दिसले नाही; उलट मजुरी सोडून छोटे धंदे करणारे वाढले. एकरकमी पैसे मिळालेल्यांनी धंदे जास्त काढले. आणि बारा वर्षे पैसा येणारच अशी खात्री ज्यांना होती, त्यांनी काय केले? आपापसांत भिशी सुरू केली. दरमहाच्या पैशाची मोठी रक्कम करून ज्याचा नंबर लागला त्याने दुकान, जनावर घेतले. दोनच वर्षे मिळणार होते त्यांनी असे कमी केले. भिशी म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. आमच्यापैकी निम्म्यांची पहिली टपरी भिशीवर उभी राहिली आहे. भिशीला भरवसा लागतो, आणि भरवसा पुढच्या महिन्याच्या तारखेचा लागतो.

तोच भरवसा सूरजागडकडे डळमळीत आहे. हप्ता कधी महिन्यात येतो, कधी पुढच्या महिन्यात, कधी दोन एकदम. पैसे खात्यात येतात, पण खाते पाड्यावर नसते. जायचे-यायचे भाडे आणि बुडालेला दिवस धरला तर पंधराशेतले किती उरतात ते मोजावे. यंत्रावर अंगठा लावायचा, तर पाने तोडून आणि माती उपसून झिजलेल्या बोटांचे ठसे उमटत नाहीत. नेटवर्क गेले की उद्या या. पैसे काढून देणारा एखादा मध्यस्थ शंभर-पन्नास कापून घेतो आणि बाई बोलत नाही, कारण पुढच्या महिन्यालाही तोच आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली. अपात्र लोकांनी, हजारो पुरुषांनीसुद्धा पैसे उचलल्याचे उघड झाले होते, तेव्हा तपासणी व्हायलाच हवी होती. पण तीत बाईच्या आधारबरोबर नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचाही ओटीपी मागितला गेला. ज्या घरात एक मोबाइल आणि तो घेऊन नवरा तेलंगणात मिरची तोडायला गेलेला, तेथे हा ओटीपी कोणी सांगायचा? मुदत पुढे ३१ डिसेंबरपर्यंत वाढवावी लागली, यातच सर्व आले. पैसा एक महिना अडला की बाई पुन्हा आमच्या वहीत येते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

जाता जाता आपल्याच धंद्यातली एक गोष्ट. रमजानमध्ये जकातीच्या साड्यांचे गठ्ठे आम्हीही विकतो, सर्वच कापडवाले विकतात. ठोकात सर्वांत हलका माल कोणता, हे आम्हाला विचारले जाते आणि आम्ही तोच देतो. किती धुण्यात तो विरतो तेही आम्हाला माहीत असते. एका विधवेच्या घरी एकाच महिन्यात पाच साड्या जमतात आणि मोहरमपर्यंत तिच्याकडे औषधाला पैसे नसतात. जकात आगाऊ काढून दरमहा हप्त्याने देण्याला आमच्या माहितीप्रमाणे हनफी मसलकात मनाई नाही. वाचकांनी आपापल्या आलिमांना विचारून घ्यावे. हजरत उमर (रजि.) यांच्या काळात दिवाण होता, त्यात नावे लिहिलेली असत, वजीफा ठरलेला असे आणि तान्ह्या मुलालाही तो मिळत असे. ज्याचा वजीफा त्याच्या हातात, कशावर खर्च करायचा ते तो ठरवी. हे लिहून आम्ही आमच्याच गठ्ठ्यांचा खप कमी करीत आहोत, याची आम्हाला कल्पना आहे.

तसे आमचे नुकसान झाले, असेही नाही. वहीत अडकलेले भांडवल मोकळे झाले, तर मालेगावच्या यंत्रमागवाल्याला आम्ही नगद देऊन दोन रुपये स्वस्त आणू शकतो. उधारीवर खपत होते ते कापड नगदीत कोणी घेत नाही. बाई आता पदर हातात चोळून पाहते, रंग जाईल का विचारते. त्यामुळे जरा बरा माल ठेवावा लागतो. यंदाच्या जानेवारीपासून आम्ही पालावर दोन भाव पुठ्ठ्यावर लिहून लावले आहेत, नगदीचा आणि उधारीचा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना तोंडी सांगतो. पहिल्याच दिवशी शेजारच्या पालावरचे बंधू रागावले. त्यांच्या गिऱ्हाइकांनीही विचारायला सुरुवात केली होती.

ती बाई ठाकूरदेवाच्या यात्रेच्या आधी आली होती. त्या महिन्याचा हप्ता अजून आला नव्हता. तिने पुठ्ठ्याकडे पाहिले, दोन्ही भाव विचारले, बोटांवर काही हिशेब केला आणि म्हणाली, शेळीचे एक पिल्लू विकायचे आहे, ते विकून येते, तोवर हे लुगडे बाजूला ठेव. आम्ही ठेवले. वहीत लिहिले नाही.