बदलत्या पत्त्यावरचा संगणक

नीरा नदीच्या काठी वसलेले भोर हे एकेकाळी पंतसचिवांच्या संस्थानाची राजधानी होते. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले, पण बाजारपेठ चालूच राहिली. तोरण्याच्या पायथ्याशी असलेल्या वेल्ह्याचीही तीच गोष्ट. त्या तालुक्यास आता राजगड हे नाव मिळाले असले, तरी जुन्या व्यापाऱ्यांच्या तोंडी वेल्हेच आहे. या दोन्ही ठिकाणच्या पेढ्यांवर आज जे दृश्य दिसते, ते महाराष्ट्रातील अनेक लहान बाजारगावांचे आहे. मुले पुण्यात, मुंबईत किंवा परदेशी स्थिरावली आहेत. दुकानाची गादी आणि घर वडीलच सांभाळतात. किर्द-खतावणी मात्र लाल कापडाच्या चोपडीतून घरच्या संगणकात गेली आहे. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी वहीपूजन होते, पण खरी वही संगणकात असते.

महिन्याच्या ११ तारखेस जीएसटीआर-१ आणि २० तारखेस जीएसटीआर-३बी भरावयाचे, म्हणून त्या सुमारास घरोघरी फोन सुरू होतात. ‘डावीकडचे बटण दाबा, आता खाली या’ असे फोनवर सांगून हिशेब जुळत नाही. मुलाने परगावाहून वडिलांच्या संगणकावरच बसावे, हा सोपा उपाय वाटतो. तो करू जाता पहिली अडचण येते ती पत्त्याची. काल ज्या आयपी पत्त्यावर घरचा संगणक सापडला, त्या पत्त्यावर आज तो नसतो.

हे का घडते, हे समजण्यास तीर्थक्षेत्रीची धर्मशाळा आठवावी. यात्री आला की जी खोली मोकळी असेल ती त्यास मिळते; पुढच्या खेपेस तीच मिळेल असे नाही. इंटरनेट पुरविणारी कंपनी घरच्या राउटरला पत्ता देते तो असाच, काही मुदतीपुरता. राउटर बंद पडून पुन्हा सुरू झाला की बहुधा नवा पत्ता मिळतो. आणि भोर-वेल्ह्याच्या पावसाळ्यात राउटर बंद पडण्यास निमित्त लागत नाही. सह्याद्रीच्या माथ्यालगतच्या या भागात पाऊस धो-धो कोसळतो, वीज जाते, येते, पुन्हा जाते. साधू-साध्वी चातुर्मासात एका जागी स्थिर राहतात. घरचा संगणक नेमका त्याच चार महिन्यांत सर्वाधिक पत्ते बदलतो.

यावर जुना उपाय ‘डायनॅमिक डीएनएस’चा. धर्मशाळेचा मुनीम जसा नोंदवहीत ‘अमुक यात्री आज खोली क्रमांक १२’ असे लिहून ठेवतो, तसे हे काम चालते. घरच्या संगणकास एक कायमचे नाव घेतले जाते आणि संगणक किंवा राउटर आपला पत्ता बदलताच ती नोंद दुरुस्त करतो. मुलाने पत्ता लक्षात न ठेवता केवळ नाव विचारावयाचे. नो-आयपी, डकडीएनएस यांसारख्या सेवा हे काम विनामूल्यही करतात. पैकी नो-आयपीच्या विनामूल्य नावाची दर ३० दिवसांनी पुष्टी करावी लागते, आणि ती विसरल्यामुळेच ‘काल चालत होते, आज बंद’ अशी तक्रार पुष्कळदा उद्भवते.

तरीही आज अनेक घरांत हा उपाय निष्फळ ठरतो. आयपीव्ही४ पद्धतीत पत्ते सुमारे ४२९ कोटीच आहेत. जागतिक साठ्यातील शेवटचे गट फेब्रुवारी २०११ मध्येच वाटले गेले. म्हणून कंपन्या अनेक ग्राहकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात. धर्मशाळेस एकच दरवाजा असावा आणि आतील खोल्या बाहेरून दिसूच नयेत, तसे हे झाले. आपली गत हीच आहे का, हे पाहणे कठीण नाही. राउटरच्या पानावर दिसणारा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या दरम्यानचा असेल, किंवा बाहेरच्या जगास दिसणाऱ्या पत्त्याहून वेगळा असेल, तर नोंदवही कितीही अचूक ठेवली तरी निरोप खोलीपर्यंत पोहोचत नाही.

तेव्हा उलट मार्ग धरावा लागतो: घरच्या संगणकानेच बाहेर संपर्क साधावयाचा. क्रोम रिमोट डेस्कटॉप, रस्टडेस्क ही साधने आणि टेलस्केलसारखे खासगी जाळे याच तत्त्वावर चालतात. आतून बाहेर गेलेल्या निरोपाचे उत्तर दरवाजा अडवीत नाही, म्हणून पत्ता बदलला काय, एकच असला काय, काही बिघडत नाही. विंडोजच्या होम आवृत्तीत बाहेरून येणारा रिमोट डेस्कटॉप स्वीकारण्याची सोय नसते. त्यामुळेही क्रोम किंवा रस्टडेस्क अशा घरांना सोयीचे पडतात. वीज आल्यावर संगणक आपोआप सुरू होईल अशी सोय बायोसमध्ये करणे, तो झोपी जाऊ न देणे आणि राउटरला लहानसा यूपीएस जोडणे, एवढे एकदा केले की पावसाळाही निभावतो.

एक चूक मात्र महागात पडते. काही जण झटपट उपाय म्हणून राउटरमध्ये ३३८९ क्रमांकाचे दार जगासाठी उघडून ठेवतात. अशी दारे शोधत फिरणारे कार्यक्रम अहोरात्र चालू असतात. पासवर्ड कच्चा असला की आत शिरून साऱ्या फायली कुलूपबंद करून खंडणी मागितली जाते, आणि मग उधारीच्या साऱ्या नोंदी एका रात्रीत हातच्या जातात. खातेवहीची दुसरी प्रत निराळ्या हार्ड डिस्कवर, संगणकापासून सोडवून ठेवलेली असणे म्हणूनच अगत्याचे.

दुसरा धोका दूरध्वनीवरून येतो. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने एनीडेस्क या ॲपचा ठग कसा दुरुपयोग करतात, याविषयी बँकांना सावध केले होते. साधन वाईट नव्हते. ‘बँकेतून बोलतो’ म्हणणाऱ्याने ते वृद्धांकडून उतरवून घेतले, हे वाईट होते. मुलाने शिकविलेलेच काम ठग शिकवीत असल्याने आईवडिलांना फरक ओळखणे अवघड जाते. म्हणून घरात एकच नियम असावा: साधन बसवून देणे किंवा चालू करणे हे काम फक्त घरच्यांनीच, तेही आधी स्वतः फोन करून.

राहिली गोष्ट अनुमतीची. अदत्तादान म्हणजे न दिलेले घेणे, हा दोष केवळ धनापुरता नाही. पासवर्ड ठाऊक असला म्हणून मुलाने वडिलांना न कळविता त्यांची खाती उघडावी, हे कितीही सदिच्छेने असले तरी त्याच दोषाच्या जवळ जाते. काही घरांत वेळ ठरलेली असते: चौविहारापूर्वीचा अर्धा तास, कारण सूर्यास्तानंतर वडील प्रतिक्रमणास बसतात. दूरवरून कोणी जोडलेले असताना पडद्यावर दिसणारी खूण आणि ती जोडणी तोडण्याचे बटण, ही दोन्ही ज्येष्ठांना दाखवून ठेवावीत. पडद्याशेजारी चिकटविलेल्या कागदावर मुलाचा क्रमांक असतोच. त्याखाली सायबर फसवणुकीची तक्रार तात्काळ नोंदविण्याचा १९३० हा क्रमांकही ठळक अक्षरांत लिहावा.