तळाकडून वाचायची गाडी

युरोपात बनलेल्या जुन्या डायकास्ट मोटारी, म्हणजे वितळलेला धातू दाबाखाली पोलादी साच्यात घालून घडवलेली खेळणी, जमवणारा मुरलेला संग्राहक हाती आलेली गाडी प्रथम उलटी करतो. टपावर आणि बॉनेटवर मुलांचे, विक्रेत्यांचे आणि पुढे दुरुस्ती करणाऱ्यांचे हात फिरलेले असतात. तळाकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष गेलेले नसते, त्यामुळे कारखान्यातून जे जसे बाहेर पडले ते तेथे तसेच टिकून राहण्याचा संभव अधिक असतो. जेमतेम नऊ सेंटिमीटर लांबीच्या गाडीचा काळ आणि तिचा अस्सलपणा ठरवण्याचे काम बहुतांशी या तळावरच चालते.

या छंदाचे एक मोठे मूळ लिव्हरपूलच्या बिन्स रोडवर आहे. फ्रँक हॉर्नबी यांच्या मेकॅनो कंपनीने १९३३ च्या अखेरीस आपल्या खेळण्यातल्या रेल्वेभोवती मांडण्यासाठी काही छोटी वाहने विक्रीस आणली आणि १९३४ मध्ये त्यांना डिंकी टॉइज हे नाव मिळाले. रेल्वेच्या मापाशी जुळणारे प्रमाण, म्हणजे मूळ वाहनाचा सुमारे त्रेचाळिसावा हिस्सा, पुढे युरोपातील अनेक उत्पादकांनी कमीअधिक फरकाने स्वीकारले. पहिली वाहने शिशाच्या मिश्रधातूची होती. लवकरच त्याची जागा मझॅकने घेतली. मझॅक किंवा झमॅक म्हणजे जस्तात सुमारे चार टक्के ॲल्युमिनियम आणि थोडे मॅग्नेशियम व तांबे मिसळून केलेला धातू. तो ४०० अंश सेल्सिअसच्या आतच वितळतो आणि साच्यातील केसाएवढ्या रेषेतही शिरतो, म्हणून रेडिएटरची जाळी आणि दाराची फट इतकी रेखीव उमटते.

हे वाचन कसे चालते ते स्टँडर्ड व्हॅनगार्ड या गाडीवरून चांगले समजते. मद्रासला जुळणी होऊन ही मोटार भारतातील रस्त्यांवरही धावली होती, त्यामुळे तिचा गोलसर पाठीचा आकार जुन्या पिढीच्या ओळखीचा आहे. डिंकीने ती '४० ई' या क्रमांकाने काढली आणि १९५४ मध्ये सगळ्या क्रमांकांची फेररचना झाली तेव्हा ती १५३ झाली. सुरुवातीच्या ओतकामात मागच्या चाकावरची कमान उघडी असून नंतरच्या गाड्यांत ती झाकलेली आढळते, त्यामुळे उघड्या कमानीच्या गाडीखाली उत्तरकाळातील तळपट्टी दिसली तर दोन गाड्यांची मोडतोड एकत्र केली असल्याचा संशय बळावतो. चाकांचीही साक्ष काढली जाते. महायुद्धापूर्वीच्या चाकांची धातूची वाटी सपाट असते, युद्धानंतरच्या वाटीला कंगोरा असतो; आसही, म्हणजे दोन चाकांना जोडणारी बारीक सळई, युद्धानंतर अधिक जाड झाली.

तळपट्टी ही पत्र्याची असून गाडीच्या अंगातूनच निघालेल्या छोट्या खांबाचे टोक चपटे करून ती पक्की केलेली असते. गाडी पुन्हा रंगवायची तर हे टोक ड्रिलने कापावे लागते आणि ते कारखान्यासारखे पुन्हा बसवणे अवघड असते. गोंदाचा ओघळ, स्क्रूची खाच किंवा खांबाभोवतीचा ताजा चकाकता धातू भिंगाखाली लगेच उघडा पडतो. नव्या रंगाखाली जुन्या टवक्यांचे खळगेही राहून जातात. कडांवर टवके उडालेली पण मूळ रंगाची गाडी नव्याने रंगवलेल्या झकास गाडीहून सरस मानली जाते, आणि हा आग्रह योग्यच आहे, कारण भट्टीत भाजलेला तो रंग एकदा खरवडला की त्या गाडीविषयीचा एक पुरावा कायमचा नाहीसा होतो.

खोक्याची परीक्षाही तितकीच कसून होते. १९४० च्या दशकात या गाड्या दुकानदाराकडे सहाच्या खोक्यात येत आणि मुलाला सुटी गाडी मिळे. प्रत्येक गाडीचे स्वतंत्र पिवळे खोके १९५० च्या दशकाच्या आरंभी रूढ झाले. त्याच्या टोकाच्या झडपेवर आतल्या गाडीचा रंग सांगणारा छोटा ठिपका असे, त्यामुळे हिरव्या ठिपक्याच्या खोक्यातून बदामी गाडी निघाली तर ती जोडी मागाहून जमवलेली असते.

परीक्षेत उतरलेल्या गाडीलाही एक असाध्य रोग असू शकतो. जस्तात शिशाचा अल्पसा अंश मिसळला गेला असेल तर धातूच्या स्फटिककणांच्या सीमांवरून गंज आत शिरतो, धातू फुगतो आणि त्याला जाळीदार भेगा पडतात. संग्राहक याला जस्तकीड म्हणतात, जरी यात जीवजंतूचा काहीही संबंध नसतो. हा दोष ओततानाच धातूत आलेला असतो. म्हणूनच युद्धापूर्वीच्या गाडीची चाके फिरतात का, दारांच्या रेषा सरळ आहेत का आणि तळपट्टी मधोमध उचलली गेली आहे का हे बोटाने चाचपून पाहिले जाते; फुगलेल्या अंगाने पत्रा बाहेर ढकलला असेल तर रंग अखंड दिसला तरी आत पडझड सुरू झालेली असते. ओलावा आणि उष्णता हा ऱ्हास वेगाने वाढवतात, त्यामुळे कोरडी, थंड, तापमान फारसे न बदलणारी जागा एवढाच उपाय उरतो, आणि तोही फक्त वेळ लांबवतो. मुंबई किंवा कोकणच्या दमट हवेत असा संग्रह सांभाळणाऱ्याला कपाटातील सिलिका जेलच्या पुड्या पावसाळाभर पुन:पुन्हा सुकवाव्या लागतात.

अस्सलपणाचा प्रश्न धातूपुरता नसतो, सुट्या भागांबाबतही तो पडतो. स्वान्सी येथील मेटॉय कंपनीने १९५६ मध्ये खिडक्यांना पारदर्शक प्लॅस्टिक बसवलेल्या कॉर्गी गाड्या आणल्या. कॉर्गीच्याच १९६५ च्या सोनेरी ॲस्टन मार्टिनमध्ये छत उघडून बाहेर फेकला जाणारा प्लॅस्टिकचा इटुकला प्रवासी होता. हरवण्यात त्याचा हातखंडा असल्यामुळे आज सापडणाऱ्या गाडीत बसलेला प्रवासी मूळचा की बदली, हा प्रश्न प्रत्येक वेळी पडतोच.

भारतीय संग्राहकाला मात्र एका वेगळ्याच तळाची ओढ असते. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात डिंकीचे काही साचे कलकत्त्याच्या एका कंपनीकडे आले आणि त्यांतून निकी टॉइज या नावाने गाड्या निघू लागल्या. त्यांचे ओतकाम लिव्हरपूलइतके रेखीव नाही आणि रंगही तितका तुळतुळीत बसलेला नाही, तरी साचा तोच असल्याने बॉनेटची वळणे आणि दारांच्या फटी जागच्या जागी आहेत. गाडी उलटी केल्यावर मात्र जेथे डिंकी वाचायची सवय झालेली असते तेथे निकी ही अक्षरे दिसतात.