गोट्यावरचं चित्र आणि अजिंठ्याची साक्ष

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर गुळगुळीत गोट्यांवर चित्रं काढण्याच्या छंदाचा विषय निघाला, की कुणीतरी अजिंठ्याला साक्षीला बोलावतंच. ‘तिथे दगडावरचे रंग दीड हजार वर्षं टिकले, मग आमचं चित्र पहिल्या पावसात का उडावं? हल्लीचे रंगच भेसळीचे!’ मे महिन्यातल्या छंदवर्गात रंगवलेला इवलासा गणपती जूनमध्ये बाल्कनीत धुऊन जातो आणि खापर फुटतं रंगवाल्याच्या डोक्यावर.

अजिंठा पाहून आलेल्यांनीही हेच म्हणावं, याची कमाल वाटते. ती चित्रं थेट दगडावर नाहीतच! लेण्यांच्या खडबडीत बेसॉल्टवर आधी मातीचा गिलावा चढवला गेला. त्यात भाताचं तूस होतं, वनस्पतींचे तंतू होते. त्यावर चुन्याचा पातळ हात आणि तो सुकल्यावर चिकट माध्यमात कालवलेले गेरू, पिवळी माती, काजळी यांसारखे रंग. शिवाय डोक्यावर लेणीचं छप्पर. तरीही जिथे पाणी झिरपलं, कीड लागली, तिथे चित्र गिलाव्यासकट गळून पडलं.

गिलाव्याचं एवढं काय, असं वाटत असेल तर ‘करंट सायन्स’मध्ये २०१६ साली आलेला सिंग आणि सरदेसाई यांचा निबंध वाचावा. वेरूळच्या गिलाव्यात त्यांना भांगेच्या झाडाचे तंतू सापडले आणि तिथला गिलावा किडीपासून वाचला तो त्यामुळे, असं त्यांनी मांडलं.

आता आपला गोटा. नदीनं घासलेल्या घट्ट बेसॉल्टला रंग धरून ठेवायला फारशी छिद्रं नसतात. पोस्टर कलर डिंकाच्या जोरावर चिकटतो. वाळला तरी पाणी लागताच पुन्हा विरघळतो. वरून साधा पांढरा गोंद फासला, तर ओल लागल्यावर तोही मऊ आणि पांढरट पडतो. अ‍ॅक्रिलिकमधलं पाणी उडालं, की त्यातले प्लास्टिकचे सूक्ष्म कण एकजीव होतात आणि न विरघळणारा पापुद्रा तयार होतो. म्हणून गोटा धुवावा, पूर्ण वाळवावा, पॉलिश पेपर हलका फिरवावा, प्रायमर द्यावा आणि मगच रंगवावा. एवढं करूनही तो घरातच ठेवावा. मुंबईचा पावसाळा सोसण्यासाठी हा पापुद्रा नाही.

‘व्हार्निशचे थर जास्त, तितकं आयुष्य जास्त’ हाही भ्रमच. १९२०च्या दशकात निजामानं बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी अजिंठ्याच्या चित्रांवर लाखेचं व्हार्निश दिलं. ते पुढे पिवळं पडलं आणि पुरातत्त्व खात्याला काढत बसावं लागलं.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. बारीक कामाला सर्वांत बारीक ब्रश लागतो? नाही, टोकदार एक नंबरचा ब्रश रंग जास्त धरतो, तीन शून्यांच्या ब्रशवर तो टोकाशीच सुकतो. काळ्या दगडावर रंग खुलत नाही? आधी पांढरा हात द्यावा. दगड सपाट आणि गोलच हवा? कणकवलीचे चित्रकार सुमन दाभोलकर यांनी नदीतल्या दगडांवर काढलेली व्यक्तिचित्रं पाहावीत. चौपाटीवरचा दगड आणला की लगेच रंगवता येतो? त्यात मुरलेलं मीठ रंग उचलतं. आधी गोड्या पाण्यात भिजत ठेवावा. ओला दगड गॅसवर वाळवावा? मुळीच नको, आतल्या पाण्याची वाफ होऊन तो फुटू शकतो.

आणि रंगवाल्याशी भांडायला जाण्याआधी बाटलीवर ‘अ‍ॅक्रिलिक’ लिहिलंय की ‘पोस्टर’, तेवढं वाचावं.