जुन्या ट्रकचा गिअरबॉक्स आणि एक्झॉस्टची धग : गैरसमज आणि वस्तुस्थिती

अमेरिकेत १९६७ ते १९७२ या काळातले शेव्हरोलेट सी-१० पिकअप ट्रक आजही जिवापाड जपले जातात. त्यांतल्या अनेकांत स्मॉल-ब्लॉक व्ही-८ इंजिन आणि टर्बो हायड्रामॅटिक ३५० हा तीन गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असतो. ट्रक नव्याने उभा करताना मालक मूळचे बिडाचे मॅनिफोल्ड काढून पातळ नळ्यांचे हेडर बसवतात, दुहेरी एक्झॉस्ट ओढतात, आणि तापलेला पाइप गिअरबॉक्सला खेटून जाऊ लागतो. मग धग अडवण्यासाठी मिळेल तो सल्ला अमलात येतो. त्यातला बराचसा अर्धवट असतो आणि त्याची किंमत गिअरबॉक्सला मोजावी लागते.

गैरसमज : गिअरबॉक्स तापतो तो एक्झॉस्टमुळेच.

वस्तुस्थिती : ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधली सर्वाधिक उष्णता आतच, टॉर्क कन्व्हर्टरमध्ये तयार होते. तिथे तेल घुसळले जाते आणि इंजिनाच्या शक्तीचा काही भाग उष्णतेत जातो. ट्रेलर ओढताना, चढावर किंवा रखडत्या रहदारीत हे प्रमाण वाढते. या तेलाचे तापमान साधारण ८० ते ९५ अंश सेल्सिअस असावे. ते १२० अंशांपुढे राहू लागले की तेल लवकर खराब होते आणि सील कडक पडतात. म्हणून आधी तापमापक बसवा. भार पडताच काटा चढत असेल, तर पहिला संशय कूलर आणि कन्व्हर्टरवर घ्यावा. पाइपाला कितीही गुंडाळले तरी आतली उष्णता कमी होणार नाही.

गैरसमज : गिअर उशिरा आणि झटक्याने पडू लागले, म्हणजे गिअरबॉक्स आतून गेला.

वस्तुस्थिती : या गिअरबॉक्सच्या उजव्या बाजूला, मागच्या भागात व्हॅक्यूम मॉड्युलेटर असतो. इंजिनातला व्हॅक्यूम एका नळीतून त्याच्यापर्यंत पोहोचतो. हलक्या थ्रॉटलला व्हॅक्यूम जास्त, जोर लावला की कमी. यावरून गिअरबॉक्सला इंजिनावरचा भार कळतो. उजवीकडचा पाइप नेमका इथून जातो. रबरी जोड वितळला किंवा चिरला की व्हॅक्यूम पोहोचत नाही, गिअरबॉक्स पूर्ण भार आहे असे धरून चालतो, आतला तेलाचा दाब वाढतो आणि गिअर उशिरा, धक्क्याने बदलतात. मॉड्युलेटरमधला पडदा फाटला तर इंजिन त्याच नळीतून तेल ओढून घेते: खाली थेंबही सांडत नाही, तरी तेल कमी होते आणि सायलेन्सरमधून पांढरट धूर येतो. गिअरबॉक्स उतरवण्याआधी ही स्वस्तातली नळी आणि मॉड्युलेटर तपासलेच पाहिजेत.

गैरसमज : पाइपावर उष्णतारोधक पट्टी गुंडाळली की काम झाले.

वस्तुस्थिती : फायबरग्लास किंवा बेसॉल्टची पट्टी बाहेर येणारी धग खरोखर कमी करते. पण ती उष्णता धातूतच कोंडली जाते आणि नळी जास्त तापते. पावसापाण्याचा ओलावा पट्टीत मुरून साध्या पोलादाची नळी आतल्या आत गंजते, आणि वरून ते दिसतही नाही. सिरॅमिक लेप महाग असला तरी ओलावा धरत नाही. जुन्या गाडीवर अ‍ॅस्बेस्टॉसचे कापड सापडले तर ते हाताने ओरबाडू नका. त्याचे तंतू फुप्फुसाच्या कर्करोगाला कारण ठरतात. ते काम जाणकारांवर सोपवा.

गैरसमज : चकचकीत फॉइल थेट गिअरबॉक्सवर चिकटवावी.

वस्तुस्थिती : गिअरबॉक्सचे अ‍ॅल्युमिनियमचे कवच स्वतःची उष्णताही बाहेर टाकत असते. त्यावर उष्णतारोधक थर चिकटवला की तो मार्ग अडतो. पाइपाची धग मुख्यतः प्रारणाने येते. उन्हातून झाडाच्या सावलीत गेलो की हवा तीच असूनही चटका थांबतो, तेच इथे घडते. म्हणून पत्र्याची चकचकीत ढाल पाइप आणि गिअरबॉक्स यांच्या मध्ये, दोन्ही बाजूंना हवा खेळेल अशी बसवावी. बोटभर पोकळीही मोठा फरक पाडते. पाइपाचे तापमान उतरवण्याचा लाभही मोठा आहे, कारण प्रारण निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताने बदलते: पृष्ठभाग ४०० अंशांवरून ३०० अंशांवर आला, तर बाहेर पडणारे प्रारण जवळजवळ निम्मे होते.

गैरसमज : कूलरकडे जाणारी तेलाची लाइन रबरी होजने कशीही वळवली तरी चालते.

वस्तुस्थिती : हे तेल ज्वलनशील आहे. होज फुटून ते तापलेल्या पाइपावर उडाले तर गाडी पेट घेऊ शकते. लाइन पोलादी असावी, पाइपापासून दूर न्यावी आणि क्लिपने पक्की धरावी. रबर वापरायचेच, तर गिअरबॉक्सच्या तेलासाठी बनवलेला छोटा तुकडा, तोही धगीपासून लांब.

गैरसमज : इंजिनाच्या ट्यूनिंगचा याच्याशी संबंध नाही.

वस्तुस्थिती : इग्निशन टायमिंग मागे राहिले की ज्वलन उशिरा होते आणि जास्त उष्णता एक्झॉस्टमध्ये जाते. डिस्ट्रिब्युटरचे व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्स काढून ठेवलेल्या गाडीत मंद गतीलाही पाइप नको इतके तापतात. हेडर जिथे पाइपाला जोडला जातो तिथले गॅस्केट गळत असेल, तर गरम वायूचा झोत सरळ गिअरबॉक्सवर बसतो. अशा वेळी ढालीच्या आधी गॅस्केट बदलावे.

कामाचा क्रम असा ठेवा: आधी तापमान मोजा, मग टायमिंग आणि गळती दुरुस्त करा, त्यानंतर पाइप, नळ्या आणि वायर यांच्यात अंतर वाढवा, मग ढाल बसवा. पट्टीचा विचार सर्वांत शेवटी. आणि काहीही विकत घेण्याआधी गाडी पूर्ण थंड होऊ द्या, ती भक्कम स्टँडवर घ्या आणि खाली जाऊन मॉड्युलेटरची नळी व तेलाच्या लाइन हाताने चाचपून पाहा. कडक, चिरलेले किंवा चिकट झालेले रबर आढळले, तर ते बदलल्याशिवाय ट्रक रस्त्यावर काढू नका.